‘आमची ऋणे आम्हांस सोड’ : इथे ऋण म्हणजे काय?

बेळगावच्या एका ताईंनी विचारलं आहे : “आमच्या मराठी उपासनेत प्रभूच्या प्रार्थनेत ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड’ असं म्हणतात. शेजारचं कॅथलिक कुटुंब ‘अपराधांची क्षमा’ मागतं. मागायची क्षमा पापांची, मग ऋण कुठून आलं?”

ताई, दोन्ही बरोबर आहे. येशूने शिष्यांना शिकवलेल्या या प्रार्थनेत, मत्तयाच्या शुभवर्तमानात (6:12), मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच ‘देणं, कर्ज’ असा आहे. दुसरा शुभवर्तमानकार लूक याने (11:4) तिथे ‘पाप’ लिहिलं, पण त्याच ओळीच्या पुढच्या अर्ध्यात ‘आमचं देणं लागणारा’ माणूस तसाच राहिला. येशूच्या अरामी बोलीत पाप आणि कर्ज या दोन्हींना एकच शब्द चालायचा.

अडचण आजच्या मराठीची आहे. सत्कारात ‘मी आपला ऋणी आहे’ म्हणतात तेव्हा ऋण म्हणजे उपकार. देवऋण, पितृऋणही माणसाने फेडायचीच असतात. त्यामुळे ‘ऋण सोड’ कानाला परकं वाटतं. पण खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या शेतकऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. सोसायटीचं कर्ज, उताऱ्यावर चढलेला बोजा ही त्याची रोजची भाषा. ‘कर्ज फिटलं’ आणि ‘कर्ज सोडलं’ यांतलं अंतर तो नेमकं जाणतो : पहिल्यात कुळाने पैसे भरले, दुसऱ्यात सावकाराने येणं स्वतःच्या अंगावर घेतलं. आपण कर्जमाफी म्हणतो आणि माफीही मागतो. कन्नड शेजारी ‘सालमन्ना’ म्हणतात आणि क्षमा करण्याला ‘मन्निसु’.

माफ केलेली रक्कम नाहीशी होत नाही, ती कुणावर तरी पडते. 2018 मध्ये कर्नाटकात पीककर्जं माफ झाली, तो भार सरकारी तिजोरीवर आला. ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा इथेच आहे. प्रेषित पौल कलस्सै गावच्या ख्रिस्ती मंडळीला पत्रात (2:14) लिहितो की आपल्याविरुद्धचा ऋणाचा लेख देवाने खोडला आणि वधस्तंभाला खिळला. तिथला ग्रीक शब्द कर्जदाराने स्वहस्ते लिहून दिलेल्या रोख्याचा आहे. येशूने सांगितलेल्या दाखल्यातला, म्हणजे बोधकथेतला, चाकर (मत्तय 18) आपल्या धन्याचं दहा हजार तालांतांचं देणं लागतो. एक तालांत साधारण सहा हजार दिनारांचा, आणि दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी! “फेडीन” हा त्याचा शब्द खोटा नसेल, पण अशक्य आहे. ते कर्ज सोडलंच जाऊ शकतं, आणि धनी दया येऊन ते सोडतो. ज्याला वाटतं आपल्या हातून फार झालं, आता परतायची वाट उरली नाही, त्याच्यासाठी हा ‘सोड’ शब्द आहे. मला तो ‘क्षमा’पेक्षाही जवळचा वाटतो.

आणि सुटका एवढ्यावर थांबत नाही. लूक 15 मधला, बापाकडून घेतलेला वाटा उडवून बसलेला उधळ्या मुलगा “मला मजुरासारखं ठेवा” म्हणायचं ठरवून घरी परत निघतो. म्हणजे त्याच्याही मनात फेडच आहे. बापाला ते वाक्य तो पुरतं ऐकवूही शकत नाही. झगा, अंगठी, जोडा, मेजवानी : मजूर नाही, परत मुलगाच.

तेव्हा उपासनेत जे म्हणतात तेच म्हणा. मुलांना समजावताना मात्र ‘ऋण’ऐवजी ‘कर्ज’ म्हणा, आणि ओळीचा पहिला अर्धाही सांगा, कारण दाखल्यातला तो चाकर बाहेर पडताच शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो.