एमिरेट्स गोल्फ क्लबचा दुसरा कोर्स पहिल्याच्या तोडीचा आहे का?

प्रश्न असा आहे की जानेवारीत कंपनीच्या कामाने दुबईला जायचंय, एकच राउंड खेळायला वेळ आहे, मजलिसवर, म्हणजे क्लबच्या पहिल्या कोर्सवर, टी टाइम (खेळ सुरू करायची वेळ) मिळाला नाही तर फाल्डो कोर्सवर खेळण्यात काही अर्थ आहे का, की तो नुसता भरतीचा दुसरा कोर्स आहे?

ते "भरतीचा" वाचलं आणि हातातलं काम सोडून लिहायला बसलो. त्या भरतीच्या कोर्सवर मी २००४ ते २०१७ काम केलंय, इरिगेशनला. क्लबचा माणूस नव्हतो, एका कंत्राटदार कंपनीकडून होतो. गाव दापोली तालुक्यात, आता इथेच असतो, आंब्याची कलमं आहेत आणि किनाऱ्यावरच्या दोन-तीन रिसॉर्टची लॉन बघतो.

मजलिस १९८८ चा, कार्ल लिटनने आखलेला, त्या सगळ्या आखाती भागातला पहिला गवताचा चॅम्पियनशिप कोर्स. आठव्या आणि नवव्या होलच्या मध्ये मजलिसची, म्हणजे अरबी बैठकीची, इमारत आहे, त्यावरून नाव. दुसरा कोर्स १९९६ ला आला आणि त्याचं मूळ नाव होतं वादी. अरबीत वादी म्हणजे कोरड्या नदीचं पात्र, दरी, आणि तसा घळीचा भाग कोर्समधून वळत वळत जातो. आम्ही कोकणातली पोरं त्याला पहिल्या दिवसापासून वाडीच म्हणायचो. "आज कुठे ड्युटी?" "वाडीत." घरी फोनवर पण तेच. मी तिकडे कामाला लागल्यावर वर्ष-दोन वर्षांत निक फाल्डो या नावाजलेल्या इंग्लिश गोल्फरने त्याची नव्याने आखणी केली, बंकर (वाळूचे खड्डे) बदलले, ग्रीन (होलच्या भोकाभोवतीचं बारीक कापलेलं गवत) बदलली, मग नावही त्याचंच लागलं. माझ्या तोंडात अजून वाडीच आहे.

आता भावोजींचं सांगतो, म्हणजे मला राग का आला ते कळेल. माझ्या मोठ्या बहिणीचे मिस्टर. ते माझ्या कितीतरी आधी दुबईला गेलेले, मजलिसवर ग्रीन कापायच्या टीममध्ये. माझा व्हिसा त्यांनीच केला, पहिला महिना त्यांच्याच खोलीत राहिलो, त्यामुळे त्यांना उलटून बोलायचं कधी झालं नाही. गणपतीला आम्ही दोघं एकत्र सुट्टीवर आलो की आरती झाल्यावर ओटीवर भावोजींची बैठक बसायची. मजलिसवरच्या डेझर्ट क्लासिक स्पर्धेत २००१ ला टायगर वुड्सने शेवटच्या दिवशी अठराव्या होलला बॉल पाण्यात कसा घातला आणि थॉमस ब्योर्न कसा जिंकला, २००६ ला टायगरने प्लेऑफमध्ये (बरोबरी सुटायला खेळलेल्या जादा होलमध्ये) अर्नी एल्सला कसं हरवलं, आणि २००८ ला त्याच अठराव्यावर लांबचा पट (ग्रीनवरून भोकाकडे ढकललेला फटका) घालून बर्डी (ठरलेल्यापेक्षा एक फटका कमी) करून मार्टिन काइमरच्या एका शॉटने पुढे कसा गेला. "ज्या ग्रीनवर तो पट गेला ना, ती पहाटे मी कापलेली." हे खरं आहे, मी त्यावर कधीच शंका घेतली नाही. पण २००८ च्या गणपतीत कोणीतरी विचारलं, अरे हा पण तिथेच असतो ना? तर भावोजी म्हणाले, "नाय रे, हा मागच्या वाडीत असतो, शिंपण्याला." सगळी ओटी हसली. माझा मुलगा पाच वर्षांचा होता, तो पण हसला.

त्याच २००८ चा जानेवारी मला कसा गेला ते ओटीवर कोणाला माहीत नव्हतं. डेझर्ट क्लासिक जानेवारीच्या शेवटी सुरू होऊन फेब्रुवारीच्या सुरुवातीला संपणार होती. कुठल्याही क्लबात मोठी स्पर्धा जवळ आली की पहिला कोर्स बाळंतिणीसारखा जपतात, खेळ कमी करतात, रफ (कडेचं लांब गवत) वाढू देतात, ग्रीन रोज कापायची, रोल करायची. मग नेहमीच्या मेंबर लोकांनी जायचं कुठे? दुसऱ्यावर. म्हणजे आमच्याकडे. आणि आमच्या कोर्सवर लाइट, रात्री पण खेळ. मजलिसला अंधार पडला की गवत झोपतं, आमचं गवत दिवसा उन्हात तुडवलं जायचं आणि रात्री दिव्याखाली तुडवलं जायचं. शेवटचा ग्रुप आत आला की पहाटेची मशीनं बाहेर पडेपर्यंत जे तीन-चार तास मिळतात तेवढेच आमचे, त्यात पाणी पण द्यायचं आणि दुरुस्ती पण करायची, आणि भिजलेल्या ग्रीनवर मशीन घालायचं नाही हे वेगळंच.

थंडीत तिकडे खालचं बर्म्युडा गवत मंदावतं म्हणून वरून राय पेरलेलं असतं, हिरवंगार दिसतं पण रायची मुळं नाजूक. ग्रीनवरून पुढच्या टीकडे (जिथून होलचा पहिला फटका मारतात) जायच्या वाटेवर माणसं एकाच रेषेत चालतात, माती दबते, पाणी मुरत नाही, चार दिवसांत पिवळा पट्टा. दोरी लावून वाट बदलायची, भोकं पाडून वाळू भरायची, परत दोरी हलवायची. एका रात्री मी, एक मल्लू आणि एक नेपाळी, तिघांनी बादलीत वाळू आणि बी घेऊन अठराच्या अठरा होलचे डिव्हट (फटक्याने गवत उखडून पडलेले खड्डे) भरले. दिवे बंद झालेले, डोक्याला टॉर्च, दंव इतकं की गुडघ्यापर्यंत पॅन्ट भिजलेली. वाळवंटात थंडी असते हे इथे कोणाला पटत नाही. पहाटे एका ग्रीनचा कोपरा सुकत होता तिथे स्प्रिंकलर नको म्हणून हाताने पाइप धरून पाणी घातलं, आमच्या पोफळीला घालतात तसं, मुळाशी आणि बेताने. सकाळी सात वाजता पहिला मेंबर आला तेव्हा त्या ग्रीनवर आदल्या दिवशीची एक खूण नव्हती. तो ओळखणार पण नाही की रात्री इथे कोणी होतं. तेच आमचं काम.

स्पर्धेचा शेवटचा रविवार, मी आमच्या बाजूला एका अडकलेल्या व्हॉल्व्हपाशी पाना घेऊन बसलेलो. झाडांपलीकडून एकदम आवाज उठला, तसला आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. पाच मिनिटांत भावोजींचा फोन, "बघितलास का?" मी काय बघणार.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे आणि भावोजींनाही आता तेच सांगतो. दुसरा कोर्स सगळा भार घेतो म्हणून पहिला टीव्हीवर तसा दिसतो. मजलिसवर मेहनत नाही असं नाही, पण तिथली मेहनत जगाला दिसते आणि माणसं-मशीनं पण आधी तिकडेच जातात, साहजिक आहे. कमीत कमी वेळात, जास्तीत जास्त तुडवलेलं गवत उभं ठेवायचं असेल तर मी वाडीतला माणूस आधी बोलवेन.

आणि हे दुबईपुरतंच नाही. सेंट अँड्रयूजला दुसऱ्या कोर्सचं नाव न्यू कोर्स, तो १८९५ चा आहे! ओल्ड टॉम मॉरिसने आखलेला, सव्वाशे वर्षं होऊन गेली तरी न्यूच. न्यूयॉर्कजवळच्या विंग्ड फूटचे वेस्ट आणि ईस्ट दोन्ही एकाच माणसाने, टिलिंगहास्टने केले, दोन्ही १९२३ चे, पण पुरुषांची यूएस ओपन वेस्टवर म्हणून ईस्टचं नाव बाहेर कोणी काढत नाही. रॉयल मेलबर्नला तर मोठ्या स्पर्धेसाठी वेस्टचे बारा आणि ईस्टचे सहा होल जोडून अठरा करतात. म्हणजे दुसऱ्यातले सहा पहिल्यात बसवतात. हे आम्हाला आमच्या साहेबाने सांगितलेलं, तो स्कॉटिश होता, आणि त्या दिवशी मला फार बरं वाटलेलं.

आता तुमचा प्रश्न. हो, खेळा, आणि रात्री खेळा. दिवसाचे कोर्स जगात कुठेही मिळतील, पूर्ण अठरा होल दिव्याखाली फार कमी ठिकाणी. २०१९ ला महिलांची मूनलाइट क्लासिक याच कोर्सवर दिव्याखाली झाली, तोपर्यंत मी गावी परत आलेलो, मोबाइलवर बघितली आणि बायकोला एकेक ग्रीन ओळखून दाखवली. मग भावोजींना फोन केला, "बघितलंत का?"

खेळताना बंकरपासून सांभाळा, फाल्डोने ते नेमके तिथे ठेवलेत जिथे बॉल पाठवावा असं वाटतं. रात्री ग्रीनचा उतार कळत नाही कारण चार बाजूंनी उजेड आणि बॉलला तीन-चार सावल्या, म्हणून खाली बसून बघण्यापेक्षा चालत जाऊन पायाला उतार लागतो का बघा. जानेवारीत उशिराचा टी टाइम असेल तर दंवामुळे पट कमी जातो, जरा जोरात मारा. भडक पिवळ्या रंगाचा बॉल न्या, नाहीतर रफमध्ये शोधत बसाल.

एक मात्र कबूल करायला हवं. मजलिसचा आठवा होल, चढावर उजवीकडे वळणारा, मागे दुबई मरीनाच्या उंच इमारतींची रांग, तसा देखावा आमच्याकडे नाही. आणि अठराव्याला पाण्यावरून दुसऱ्या शॉटमध्ये ग्रीनवर जायचं की थांबायचं हे ठरवताना पोटात जो गोळा येतो तो वेगळाच, टायगरला आला तर तुम्हाला येईलच. टीव्हीवर बघितलेल्या जागेवर उभं राहायची हौस असेल आणि मजलिसचा टी टाइम मिळत असेल तर तो सोडा असं मी म्हणणार नाही. पैसेही तिथे जास्त लागतात. पण मिळाला नाही म्हणून तोंड पाडून फाल्डोवर जाऊ नका.

सकाळी खेळलात तर पहिल्या टीवर जाताना कडेला स्प्रिंकलरचं झाकण उघडून कोणी बसलेला दिसेल, त्याला नुसतं गुड मॉर्निंग म्हणा, एवढ्यावर त्याचा दिवस जातो. आणि बुकिंगला फाल्डो असंच सांगा, वादी म्हटलंत तर आता काउंटरवरच्या पोरांना कळणार नाही.