पोलिसांच्या कामात हातभार लावायचाय, सुरुवात कुठून करू?

तुम्ही विचारलंय की नव्या वस्तीत राहायला आलोय, नोकरी सांभाळून महिन्याकाठी चार-पाच तास काढू शकतो, तेवढ्यात इथल्या पोलिसांच्या कामात रहिवासी म्हणून काही करता येईल का, की त्यांना ती लुडबुड वाटेल?

करता येतं. मी सात वर्षं आमच्या भागातल्या पोलीस-नागरिक बैठकांना जातेय, त्या अनुभवावरून सांगते.

सगळ्यात आधी तुमच्या रस्त्याचं बीट, म्हणजे ठाण्याच्या हद्दीतला गस्तीसाठी वाटून दिलेला छोटा भाग, कोणाकडे आहे ते शोधा. ठाण्यातले वरिष्ठ साहेब दोन-तीन वर्षांत बदलून जातात आणि त्यांच्याकडे पूर्ण हद्दीचा व्याप असतो. बीट सांभाळणारा अंमलदार मात्र तुमच्या दारावरून रोज जातो. काही काम नसताना त्यांना भेटा. आपलं नाव सांगा, कुठे राहतो ते सांगा आणि एकच प्रश्न विचारा: "या भागात तुम्हाला सगळ्यात जास्त फेऱ्या कशासाठी माराव्या लागतात?" मी विचारलं तेव्हा मला वाटलं होतं, चोऱ्या म्हणतील. ते म्हणाले, गाडी लावण्यावरून होणारी भांडणं, आणि एकटे राहणारे म्हातारे, जे रात्री घाबरून फोन करतात. त्यातलं दुसरं काम आम्ही शेजाऱ्यांनी वाटून घेतलं. दोन दिवसांआड एक चक्कर, दारावर टकटक, पाच मिनिटं गप्पा. यासाठी कोणाची परवानगी लागली नाही.

बैठकांबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण बहुतेकांचा उत्साह तिथेच मावळतो. पहिलं वर्षभर आम्ही दर वेळी एकच वाक्य म्हणत होतो: "गस्त वाढवा." साहेब वहीत लिहून घ्यायचे, चहा व्हायचा, आम्ही घरी. मग एक ताई तीन आठवड्यांची टिपणं घेऊन आल्या. शाळेमागच्या गल्लीत मुलांच्या हातातले मोबाइल हिसकावले जात होते. त्यांनी वार, वेळ, जागा सगळं लिहून ठेवलं होतं. सगळ्या घटना संध्याकाळी सात ते आठच्या दरम्यानच्या. शिकवणी सुटायची ती वेळ. दिवा बंद, आणि पळणाऱ्याला कुंपणातून निघायला वाट. शिकवणीवाल्यांनी मुलं मोठ्या रस्त्याच्या दाराने सोडायला सुरुवात केली, दिवा लागला, कुंपण बुजवलं. एकही जादा शिपाई न मिळता प्रकार थांबले.

अशा कामाला पोलिसांच्या अभ्यासात नाव आहे: समस्याकेंद्री पोलीसकाम (प्रॉब्लेम-ओरिएंटेड पोलिसिंग). हर्मन गोल्डस्टाइन या अमेरिकन प्राध्यापकांनी १९७९ मध्ये मांडलं की पोलिसांनी सुट्या घटनांमागे धावत राहण्यापेक्षा त्या पुन्हा पुन्हा का घडतात हे शोधावं. आता हे "का" पोलिसांपेक्षा रहिवाशांना चांगलं दिसतं, कारण आपण तिथे चोवीस तास असतो. शिकागोत १९९३ साली पाच भागांत बीटवार बैठकांचा प्रयोग सुरू झाला आणि नंतर तो शहरभर पसरला. त्यात पोलिसांबरोबर पालिकेची इतर खातीही जोडून घेतली होती. ते मला फार पटतं. निम्म्या तक्रारींचं मूळ दिव्यात, कचऱ्यात, पडक्या इमारतीत असतं आणि ते पोलिसांच्या हातात नसतंच.

आणि भिवंडी. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी होरपळलेलं हे गाव. १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला समित्या सुरू केल्या. हिंदू आणि मुस्लिम अशा दोन्ही समाजांतले साधे रहिवासी एका समितीत, आणि त्यांच्याबरोबर पोलीस. काही घडलेलं नसतानाही भेटायचं. डिसेंबर १९९२ मध्ये शेजारची मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. एकट्या समित्यांमुळेच असं झालं, असा दावा मी करणार नाही. पण अफवा उठल्यावर कोणाला विचारायचं, कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा, हे आधी ठरलेलं असेल तर केवढा फरक पडतो, ते मी आमच्याकडे छोट्या प्रमाणावर पाहिलंय. मुलं पळवणारी टोळी आल्याचा मेसेज रात्री अकराला फिरायला लागला. आमच्यातल्या एकाने बीट अंमलदारांना फोन लावला आणि दहा मिनिटांत ग्रुपवर लिहिलं की असं काही घडलेलं नाही. त्या रात्री एक अनोळखी फेरीवाला वाचला, असं मला आजही वाटतं.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगते. पाहायचं, टिपायचं, कळवायचं. पाठलाग करायचा नाही, अडवायचं नाही, कोणाची झडती घ्यायची नाही. फेब्रुवारी २०१२ मध्ये फ्लोरिडातल्या सॅनफर्ड गावी वस्तीच्या राखणदारीत असलेल्या एका स्वयंसेवकाने ट्रेव्हॉन मार्टिन या सतरा वर्षांच्या मुलाला "संशयित" ठरवलं. फोनवरच्या पोलीस कर्मचाऱ्याने त्याच्या मागे जायची गरज नाही असं सांगितलं होतं. तरी शेवट त्या मुलाच्या मृत्यूत झाला. मुलाजवळ हत्यार नव्हतं. म्हणून कळवताना "माणूस संशयास्पद दिसतोय" एवढं पुरे समजू नका. तो करतोय काय, हे सांगा. गाड्यांची दारं ओढून बघतोय, कुलूप तोडतोय, असं काही सांगता येत नसेल तर बहुधा कळवण्यासारखं काही नसतं. आणि कोणाचा फोटो ग्रुपवर टाकू नका.

वेळ कमी असेल तर शिकायला जाणं हाही चांगला मार्ग आहे. इंग्लंडमधल्या एक्सेटर इथे १९७७ मध्ये पोलिसांनी नागरिकांसाठी संध्याकाळचे वर्ग घेतले. अमेरिकेत ऑर्लँडोने १९८५ मध्ये तीच कल्पना उचलली आणि आज अनेक ठिकाणी असे वर्ग चालतात. तपास कसा होतो, फिर्याद नोंदवताना काय लागतं, पोलिसांना कायद्याने काय करता येत नाही, हे त्यात कळतं. असा वर्ग नसेल तर बैठकीत त्याची मागणी करा. तरुणांसाठी छात्र योजना असतात. केरळने २०१० पासून शाळांमध्ये विद्यार्थी पोलीस छात्र योजना चालवली आहे. ब्रिटनमध्ये नोकरी सांभाळून बिनपगारी वर्दी घालणारे स्पेशल कॉन्स्टेबल असतात, पण ते पूर्ण प्रशिक्षणाचं काम आहे, चार-पाच तासांत बसणारं नाही.

आता ज्याबद्दल कमी बोललं जातं ते. पोलिसांवर लक्ष ठेवणं हादेखील सहभागच आहे. १९८१ मध्ये लंडनच्या ब्रिक्स्टन भागात दंगली झाल्या. त्यांची चौकशी करणाऱ्या लॉर्ड स्कार्मन यांनी सुचवलं की सामान्य नागरिकांनी कोठड्यांना अचानक भेटी द्याव्यात. आज इंग्लंड आणि वेल्समध्ये स्वयंसेवक जोडीने, न कळवता, दिवसा-रात्री केव्हाही कोठडीत जातात. आत असलेल्याला जेवण मिळालं का, औषध मिळालं का, त्याचे हक्क त्याला सांगितले का, एवढंच पाहतात. खटल्याबद्दल बोलत नाहीत. मला हे काम सगळ्यात मोलाचं वाटतं. तुमच्या ठिकाणी तक्रार प्राधिकरण किंवा नागरिकांची देखरेख समिती असेल तर तिच्या खुल्या सुनावण्यांना जाऊन बसा.

हे सांगायचं कारण आहे. एकदा ओळखीच्या एका अंमलदाराने आमच्या वस्तीतल्या घरकाम करणाऱ्या बाईंची तक्रार घ्यायचं टाळलं. बैठकांतला सलोखा बिघडेल या भीतीने मी दोन दिवस गप्प बसले. ते दोन दिवस मला अजून बोचतात. तिसऱ्या दिवशी बाईंबरोबर वरिष्ठांकडे लेखी अर्ज दिला आणि तक्रार नोंदली गेली. संबंधात थोडे दिवस गारवा आला, मग निवळला. पोलिसांशी ओळख झाली की दोन मोह होतात: चूक दिसली तरी गप्प राहण्याचा, आणि आपलं एखादं काम करून घेण्याचा. पावती माफ करा, भाच्याला सोडा, असा एक जरी फोन तुम्ही केलात तर पुढच्या बैठकीत तुमच्या शब्दाला वजन उरणार नाही.

साक्ष देण्याबद्दलही एक वाक्य: अपघात किंवा मारामारी डोळ्यांदेखत झाली असेल तर थांबून जबाब द्या. अनेक प्रकरणं साक्षीदार पुढे न आल्यामुळे ढिली पडतात.

तुमच्या चार-पाच तासांचं मी असं करीन: पहिल्या महिन्यात बीट अंमलदारांची एक भेट आणि एका बैठकीत नुसतं ऐकणं. दुसऱ्या महिन्यात एकच अडचण निवडून तिची वार-वेळेसह नोंद. तुमच्याकडे बैठका होतच नसतील तर वेगवेगळ्या गल्ल्यांतल्या पाच-सात जणांच्या सह्यांचा अर्ज ठाण्यात द्या, त्यात भाडेकरू आणि बायका नक्की असू द्या, आणि अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.