घरच्या घरी चेहऱ्याचा मसाज कसा करावा? खोबरेल चालेल का?
चालेल, पण बेताने. आमच्याकडे मालवणात तेल घरच्या नारळाचं, त्यामुळे हात सढळ पडतो. पण खोबरेलाने रंध्रं बुजू शकतात, त्यात इथली दमट हवा. त्वचा तेलकट असेल, पुटकुळ्या येत असतील तर खोबरेल नकोच.

एरवी धुतलेल्या चेहऱ्याला ३-४ थेंब पुरे. हनुवटीकडून कानाकडे, गालावरून वर, कपाळाच्या मधून कानशिलांकडे. डोळ्यांभोवती फक्त अनामिका, तीही अगदी हलकी. आणि जबडा विसरू नका! दात आवळून बघा, कानाच्या खाली-पुढे एक स्नायू टणक लागेल. आता दात सैल सोडून तिथे बोटं सावकाश गोल फिरवा, मिनिटभर तरी. फार बरं वाटतं. सकाळची सूजही थोडी उतरते. सुरकुत्या मात्र याने जात नाहीत.