मुळं थेट काढता येत असतील तर विवेचक काढायचाच कशाला?

वर्गसमीकरणाचा विवेचक म्हणजे ब² − ४अक. तो धन, शून्य की ऋण, यावरून मुळं (म्हणजे क्ष च्या किमती) कशी ते सांगणारे तिन्ही नियम तुम्हाला पाठ आहेत. ते आले कुठून आणि हा वळसा कशासाठी, हा तुमचा प्रश्न.

अक्ष² + बक्ष + क = ० या समीकरणाला ४अ ने गुणा आणि दोन्ही बाजूंत ब² मिळवा. ही युक्ती श्रीधराचार्यांची. भास्कराचार्यांनी ती त्यांच्या नावानिशी 'बीजगणिता'त दिली आहे. थोडी मांडामांड केली की उरतं:

(२अक्ष + ब)² = ब² − ४अक

आता पाठ करण्यासारखं काही राहिलं नाही. डावीकडे वर्ग आहे. उजवी बाजू धन असेल तर वर्गमुळं दोन, म्हणून मुळंही दोन. शून्य असेल तर दोन्ही मुळं समान. ऋण असेल तर वास्तव मुळं नाहीतच, कारण कुठल्याच वास्तव संख्येचा वर्ग ऋण येत नाही.

विवेचकाचा खरा उपयोग मुळं नकोच असतात तेव्हा. समजा, २० मीटर तारेत आयताकृती वाफा बंदिस्त करायचा आहे. एक बाजू क्ष, दुसरी १० − क्ष, क्षेत्रफळ म; म्हणजे क्ष² − १०क्ष + म = ०. विवेचक १०० − ४म. म २४ असेल तर विवेचक ४, बाजू ६ आणि ४. म २५ असेल तर विवेचक शून्य, वाफा चौरस. २६ म्हटलं की विवेचक −४: असा वाफा होणारच नाही. जास्तीत जास्त क्षेत्रफळ २५ चौरस मीटर, हे एकही समीकरण न सोडवता कळलं. दहावीतलं 'मुळे समान असतील तर के ची किंमत काढा' हे याच जातीचं गणित.

अ आणि क यांची चिन्हं विरुद्ध असतील तर आकडेमोडही नको. −४अक धनच होतो, मुळं वास्तव आणि असमान.

अवयव पाडण्याआधीही विवेचक बघावा, असं माझं मत. सहगुणक पूर्णांक असून विवेचक पूर्ण वर्ग नसेल (क्ष² − ३क्ष + १ = ० मध्ये तो ५ आहे), तर मधलं पद फोडत बसण्यात अर्थ नाही. पण सहगुणकांत करणी असेल तर ही कसोटी लावू नका: क्ष² − २√२क्ष + १ = ० चा विवेचक ४, चांगला पूर्ण वर्ग, तरी मुळं √२ + १ आणि √२ − १, दोन्ही अपरिमेय.