चिऱ्याच्या भिंतीला कार्बन फायबर लावायचं का?

प्रश्न : सर, आमचं घर बेळगावकडच्या खानापूर तालुक्यात, आजोबांच्या काळातलं, जांभ्या चिऱ्याचं, मातीत बांधलेलं, वर कौलं. पश्चिमेच्या भिंतीला कोपऱ्यात उभी भेग पडलीय आणि मधी भिंत पोट काढून बाहेर आलीय. कॉन्ट्रॅक्टर म्हणालाय की कार्बन फायबरच्या (कार्बनच्या बारीक धाग्यांच्या) पट्ट्या इपॉक्सीनं, म्हणजे घट्ट बसणाऱ्या रासायनिक गोंदानं, चिकटवूया, लोखंडापेक्षा भारी असतंय. खर्च ऐकून घाबरलोय. लावायचं का?

उत्तर : ताई, लावू नका. कार्बन फायबर ताणाला लोखंडापेक्षा कितीतरी मजबूत हे खरंय, आरसीसी कॉलमला मी स्वतः सुचवतो, पण तुमच्या भिंतीत फायबर तुटायची वेळच येणार नाही, त्याआधी चिऱ्याचा वरचा भुसभुशीत थर पट्टीसकट सोलून निघेल. त्यात खानापूरचा पाऊस! जांभा पावसाळाभर पाणी पितो आणि नंतर हळूहळू सुकतो, वरून इपॉक्सी मारलं की ती ओल आतच अडकते आणि सांध्यांतली माती मऊ पडत जाते.

याच्यापेक्षा काचेच्या फायबरची जाळी चुन्याच्या गिलाव्यात बसवून घ्या, दोन पातळ थर आणि मधी जाळी, भिंत श्वास घेत राहते. जाळी अल्कलीला (चुन्या-सिमेंटातल्या क्षाराला) टिकणारीच पाहिजे, म्हणजे काचेत झिर्कोनिया नावाचं द्रव्य असलेली, हे दुकानदाराकडून लिहून घ्या, कारण साधी काच चुन्यात-सिमेंटात हळूहळू खाल्ली जाते. जाळी भिंतीच्या दोन्ही अंगांना लावायची, आरपार सळ्यांनी एकमेकींना बांधायची आणि कोपऱ्यावरून वळवून पुढच्या भिंतीवर चांगली लांब न्यायची, कोपऱ्यातच कापली तर भेग परत तिथंच येणार.

पण पोट आलेल्या भागावर थेट जाळी नको, हे मी कळकळीनं सांगतो. जाड भिंतीला पोट येतं तेव्हा बऱ्याचदा तिचा आतला आणि बाहेरचा पदर (दगडांचा थर) एकमेकांपासून सुटलेला असतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात किल्लारीत अशाच दगडमातीच्या भिंती पदर सुटून माणसांवर कोसळल्या. तेवढा तुकडा छताला टेकू देऊन उतरवा आणि दोन्ही पदरांना बांधून ठेवणारे, आरपार जाणारे जोडदगड घालून परत बांधा. शिवाय पागोळ्यांचं पाणी पायाशी मुरतंय का ते बघा, पाया खचत असेल तर वरची कुठलीच जाळी कामाची नाही.

काम पावसाळा संपून भिंत पूर्ण सुकल्यावरच काढा. तोपर्यंत त्या भिंतीला टेकू द्या आणि तिच्या कडेला कुणाला झोपवू नका.