‘राष्ट्रीय अल्पसंख्याक’ आणि ‘जागली’

प्रश्न धारणी तालुक्यातून आला आहे. युरोपातली एक इंग्रजी पुस्तिका मेळघाटातल्या कार्यकर्त्यांसाठी मराठीत आणायची आहे. ‘राष्ट्रीय अल्पसंख्यांकांच्या न्याय्य सहभागासाठी निवडणुकीवर देखरेख’ हे नाव बरोबर आहे का? ‘देखरेख’ऐवजी ‘जागली’ (रात्री जागून शेताची राखण) चालेल का?

आधी ‘ख्यां’वरचा अनुस्वार काढा. ज्यांची संख्या अल्प ते अल्पसंख्याक. बहुव्रीही समास, शेवटी नुसता ‘क’. ‘क्रमांक’च्या नादाने लोक ‘अंक’ घुसवतात, पण इथे त्याचा संबंध नाही. ‘बहुसंख्याक’चेही तेच.

खरी गोम ‘राष्ट्रीय’मध्ये आहे. ‘राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोग’ या नावात राष्ट्रीय आहे तो आयोग, अल्पसंख्याक नव्हेत. १९९२च्या कायद्याखाली अधिसूचित झालेले समाजही धर्मावरून ठरलेले: मुस्लिम, ख्रिस्ती, शीख, बौद्ध, पारशी आणि २०१४पासून जैन. युरोप परिषदेच्या अल्पसंख्याकांविषयीच्या १९९५च्या करारातला ‘राष्ट्रीय’ वेगळा. रोमानियातले हंगेरियन घ्या: नागरिक रोमानियाचे, पण भाषा-संस्कृती निराळी. तिथे ‘राष्ट्र’ म्हणजे देश नव्हे, समाज. शब्दाला शब्द ठेवला तर आपला वाचक ‘देशपातळीवरचे अल्पसंख्याक’ असे वाचणार. म्हणून ‘वांशिक-भाषिक अल्पसंख्याक’ लिहा आणि पहिल्या पानावर एकदा खुलासा करा.

मेळघाटातल्या कोरकूंचे उदाहरण देताना जपा. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, मराठीशी तिचे नाते नाही. त्या अर्थाने कोरकूभाषक भाषिक अल्पसंख्याक ठरतात. पण कायद्याच्या लेखी कोरकू अनुसूचित जमाती आहेत आणि मेळघाटची विधानसभेची जागा त्याच नात्याने राखीव आहे. एकाच परिच्छेदात दोन्ही शब्द सैल वापरले, तर माणूस जमातीच्या दाखल्याऐवजी अल्पसंख्याक दाखला मागायला तहसीलला जाईल.

‘देखरेख’ करणाऱ्याला चूक थांबवण्याचा अधिकार असतो. ‘निरीक्षण’ म्हणजे पाहणे आणि नोंदवणे. पुस्तिकेतला माणूस हस्तक्षेप करत नाही, म्हणून ‘निरीक्षण’. मात्र निवडणूक आयोगाचा ‘निरीक्षक’ नुसता बघ्या नसतो. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २०-ख प्रमाणे, पुष्कळ मतदान केंद्रे बळकावली गेल्याचे त्याचे मत झाले, तर तो मतमोजणी थांबवायला सांगू शकतो. तेव्हा कार्यकर्त्यांना ‘निरीक्षक’ म्हणू नका, ‘नोंद घेणारे’ म्हणा. आयोगाचे पत्र नसेल तर त्यांना केंद्राच्या आत जाताही येत नाही. (पोलीस खात्यातून आलेल्या निरीक्षकाला ‘पोलीस निरीक्षक’ लिहिले, की गावाला ठाणेदारच आठवतो.)

पुस्तिकेच्या नावात ‘मतदान’ नको, ‘निवडणूक’च ठेवा, कारण नावांची मोठी गळती मतदानाआधीच होते. कामासाठी बाहेरगावी गेलेल्या कुटुंबावर कोणी नमुना ७ (यादीतून नाव वगळण्याचा अर्ज) भरतो, ‘स्थलांतरित’ म्हणून नाव उडते, आणि मतदानाला परतल्यावरच ते कळते. नावाचे स्पेलिंग चुकले असेल तर नमुना ८, नाव नसेल तर नमुना ६. हे बीएलओकडे (मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे) मुदतीत गेले पाहिजे.

राहिली ‘जागली’. शब्द अस्सल वऱ्हाडी आणि गोड आहे. पण जागलीवरचा माणूस रानडुक्कर दिसले की आरोळी ठोकतो, डबा बडवतो. नोंद घेणाऱ्याने नेमके तेच करायचे नसते.