आईचा श्वास कोणत्या मापाने?

प्रश्न : आईचं (वय ६४) मेंदूच्या आवरणातल्या गाठीचं ऑपरेशन ठरलंय. पाच-सहा तास लागतील म्हणाले, आणि तेवढा वेळ श्वास मशीन देणार. कोविडमध्ये काका व्हेंटिलेटरवर असताना त्यांचं फुप्फुस फुटलं होतं, म्हणून घरात सगळे धास्तावलेत. आई ठेंगणी, जेमतेम पाच फूट. वजन मात्र ७४ किलो. दमा-खोकला नाही. पुढचा एक दात हलतो, एवढंच. मशीनच्या हवेनं फुप्फुसाला इजा होते का?
– एक वाचक, कराड

उत्तर : काकांचं फुप्फुस आजारानं आधीच कडक झालेलं असणार, आईचं तसं नाही. पण तुमची शंका अगदीच वावगी नाही. आपण छाती फुलवून हवा आत ओढतो. मशीन ती ढकलतं. जास्त ढकलली तर हवेचे फुगे ताणले जातात आणि निजलेल्या माणसाचा फुप्फुसाचा पाठीकडचा भाग मिटून जातो तो वेगळाच.

मी भूलशास्त्र शिकत होते तेव्हा किलोमागे १० मिली हवा आम्ही बिनदिक्कत लावायचो, तीही काट्यावरच्या वजनावर. त्या हिशेबानं तुमच्या आईला प्रत्येक श्वासाला ७४० मिली! आता आठवलं की कसंसंच होतं. माणूस जाड झाला म्हणून फुप्फुस वाढत नाही, ते उंचीवर ठरतं. पाच फुटांच्या बाईचं हिशेबाचं वजन ४५ किलो, आणि किलोमागे ६ ते ८ मिली म्हणजे २७० ते ३६० मिली. निम्म्याहूनही कमी. २००० साली अमेरिकेत फुप्फुसं निकामी होत आलेल्या ८६१ रुग्णांवरचा अभ्यास आला. १२ ऐवजी ६ मिली दिल्यावर मृत्यूचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून ३१वर आलं. ती माणसं अत्यवस्थ होती, आईसारखी धडधाकट नव्हेत, पण मोठ्या श्वासाची आमची सवय मोडायला तिथूनच सुरुवात झाली.

मग लहान श्वास द्यायचा की झालं? पोटाच्या ऑपरेशनला बहुतेक वेळा झालं. मेंदूच्या वेळी नाही. श्वास कमी पडला की रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, मेंदूतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि कवटी उघडलेली असताना मेंदू फुगून वर येतो. सर्जन मान वर न करता म्हणतात, “मॅडम, ब्रेन टाइट आहे.” या वाक्यानं माझ्या पोटात अजून गोळा येतो. पूर्वी अशा वेळी श्वास धडाधड वाढवायचे. मेंदू आक्रसतो खरा, पण त्याचा रक्तपुरवठाही आटतो. म्हणून तो उपाय आता थोड्या वेळापुरताच.

त्यामुळे आम्ही श्वास लहान ठेवतो आणि मिनिटातली त्यांची संख्या वाढवतो. बाहेर पडणाऱ्या हवेतला कार्बन डायऑक्साइड पडद्यावर सतत दिसतो, रक्ताचा नमुना घेऊन तो पडताळताही येतो. श्वास सोडल्यावरही फुप्फुस मिटू नये म्हणून थोडा दाब मागे ठेवतात, त्याला आम्ही पीप म्हणतो. तोही बेतानंच, साधारण ५ सेंटिमीटर पाण्याइतका. जास्त झाला तर डोक्यातून उतरणारं रक्त अडतं, रक्तदाबही घसरतो. डोक्याची बाजू किंचित उंच ठेवतात आणि मान फार पिळत नाहीत, तेही रक्त नीट उतरावं म्हणूनच.

तुमच्या हाती काय? आईची उंची टेपनं मोजून फाइलवर लिहून घ्या. अंदाजानं सांगितलेली उंची फसवते. चुलीचा धूर किंवा घरातली विडी-सिगारेट असेल तर आजपासून बंद. तीन चेंडूंचं श्वासाचं यंत्र मिळालं तर आत्ताच सराव सुरू करा. फुंकायचं नाही, हवा आत ओढायची, हे दहातले आठ जण उलटं करतात.

आणि तो हलणारा दात. “एवढंच” म्हणून सोडू नका, भूलतज्ज्ञांना आधी दाखवा. नळी घालताना निखळून श्वासनलिकेत गेला, तर आम्ही मिलीमिलीनं जपलेलं फुप्फुस तो एकटा बंद करू शकतो.